अंगकोर एका दिवसात होते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हिवाळ्याच्या सुट्यांचे बेत ठरू लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. यंदा नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी बरीच कंबोडियातील अंगकोरविषयी आहेत, म्हणून हा अंक त्याच एका विषयाला दिला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी दोघेही निवृत्त शिक्षक असून त्रिमूर्तीनगरात राहतो. एका प्रवासी कंपनीच्या आठ दिवसांच्या व्हिएतनाम-कंबोडिया सहलीसाठी नाव नोंदवण्याचा विचार आहे. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत अंगकोरसाठी एकच दिवस आहे, आणि त्यातलीही दुपार बाजारासाठी ठेवलेली आहे. विचारणा केली असता ‘देऊळच तर आहे, अर्ध्या दिवसात होते’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का? आपण आम्हाला काय सुचवाल?

उत्तर : उत्तर देणाऱ्याने ‘देऊळ’ हा शब्द वापरला, तेथेच घोटाळा झाला आहे. देऊळ म्हणजे अंगकोर वाट. अंगकोर हे मात्र नगर आहे. तो शब्दच आपल्या ओळखीच्या ‘नगर’ या संस्कृत शब्दाचे कंबोडियाच्या ख्मेर भाषेत रुळलेले रूप आहे आणि ‘वाट’ म्हणजे बौद्ध विहार, तेव्हा अंगकोर वाट याचा सरळ अर्थ ‘नगरातला विहार’ असा होतो. नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांची राजधानी, मधला थोडा काळ वगळता, याच परिसरात जागा बदलत नांदली. जवळपास प्रत्येक मोठ्या राजाने आपले मंदिर, आपला तलाव आणि काहींनी आपली तटबंदीही नव्याने उभारली. आज संरक्षित असलेला परिसर सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे नागपूर महापालिकेच्या हद्दीहून कितीतरी मोठा. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेझर किरण सोडून या भागाची मोजणी झाली, तेव्हा दाट झाडीखाली रस्त्यांचे चौकोन, घरांचे चौथरे आणि लहान तळी यांचा आराखडा स्पष्ट दिसला. लाकडी घरे केव्हाच कुजून गेली आणि देवांची दगडी घरे तेवढी उरली, म्हणून आपल्याला रानात विखुरलेली देवळे दिसतात इतकेच.

आता एकट्या अंगकोर वाटचा विचार करू. त्याच्या भोवतीचा खंदक १९० मीटर रुंद आहे. आतील तटाची लांबी १,०२४ मीटर आणि रुंदी ८०२ मीटर आहे. खंदक ओलांडून पश्चिमेच्या गोपुरातून आत शिरल्यावर मुख्य मंदिरापर्यंत सुमारे साडेतीनशे मीटरची फरसबंद वाट उन्हातून चालावी लागते. त्यानंतर शिल्पपट असलेली पहिली ओवरी, मग दुसरी, मग उंच चौथऱ्यावर पाच शिखरांचा गाभा, आणि त्यातले मधले शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच. केवळ हे एक मंदिर नीट पाहायचे तर चार तास लागतात. शिल्पपटांसमोर थांबणाऱ्यास सहाही कमी पडतात.

माझा सल्ला असा की सहल घ्यायचीच असेल तर अंगकोरचे दिवस वाढवून मागावेत, आणि ते शक्य नसेल तर व्हिएतनाम पुढच्या वर्षावर टाकून सरळ सिएम रीप गाठावे. सिएम रीप हे अंगकोरचे गाव. तेथून अंगकोर वाट सहा किलोमीटरवर आहे. नागपूरहून थेट विमान नाही, बँकॉकसारख्या ठिकाणी बदलावे लागते. शहराचे नवे विमानतळ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले असून ते गावापासून जवळजवळ पन्नास किलोमीटरवर आहे, त्यामुळे उतरल्यावर आणखी एक तास धरावा. थायलंडमधून जमिनीवरून सीमा ओलांडण्याचा जुना, स्वस्त मार्ग मात्र सध्या हिशेबात धरू नये. २०२५ मध्ये दोन्ही देशांत सशस्त्र संघर्ष झाला आणि सीमेवरची नाकी बंद झाली. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना अवश्य वाचावी.

प्रवेशपत्र एक दिवसाचे ३७, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ अमेरिकी डॉलर अशा दरांचे असते. हे दर २०१७ पासूनचे आहेत, तरी निघताना पुन्हा पाहून घ्यावेत. तीन दिवसांचे पत्र सलग वापरावे लागत नाही, दहा दिवसांच्या आत कोणतेही तीन दिवस चालतात. दोन दिवस फिरून तिसऱ्या दिवशी पाय सोडून बसावे आणि चौथ्या दिवशी पुन्हा निघावे, अशी सोय आपल्या वयाच्या प्रवाशांना फार उपयोगी पडते. पत्रावर प्रवाशाचे छायाचित्र असते, ते दुसऱ्यास देता येत नाही. तिकीटघर मंदिराच्या दाराशी नसून गावातच वेगळ्या ठिकाणी आहे. हे ठाऊक नसल्यामुळे पहाटे थेट मंदिरापाशी पोहोचून हिरमुसून परतलेले प्रवासी मी पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतला एक मीच होतो. आदल्या संध्याकाळी पाचच्या सुमारास पत्र काढले तर ते दुसऱ्या दिवसापासून मोजले जाते आणि त्या संध्याकाळीही आत जाऊ देतात.

दिवसांची मांडणी मी अशी करीन. पहिला दिवस एकट्या अंगकोर वाटला द्यावा. दुसरा दिवस अंगकोर थोमला, म्हणजे सातव्या जयवर्म्याच्या तटबंद नगरीला. तिची प्रत्येक बाजू तीन किलोमीटर लांब असून मधोमध बायोन हे मंदिर आहे, जवळच अकराव्या शतकातील बाफुओन हे शिवमंदिर आणि हत्तींची शिल्पे असलेला राजाचा लांबलचक चौथरा आहे. त्याच दिवशी दुपारनंतर झाडांच्या मुळांनी कवटाळलेले ता प्रोह्म पाहता येते. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून सुमारे पस्तीस किलोमीटरवरच्या बांतेय स्रेईला जावे. ९६७ साली प्रतिष्ठा झालेले हे शिवमंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या राजगुरूने बांधवून घेतले. आकाराने ते इतके लहान आहे की अंगकोर वाट पाहिल्यावर प्रथम फसल्यासारखे वाटते, पण त्याच्या गुलाबी वालुकाश्मावरची कोरीव नक्षी चंदनाच्या पेटीवर शोभावी अशी आहे, आणि चारशे चौरस किलोमीटरमध्ये मला पुन्हा पाहावेसे वाटणारे एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी हेच निवडीन.

सूर्योदयाबद्दल दोन शब्द. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख असल्यामुळे दारातून पाहणाऱ्यास सूर्य शिखरांमागून उगवताना दिसतो, आणि २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर मधल्या शिखराच्या टोकावर येतो. दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. तथापि डाव्या हाताच्या तळ्याकाठी पहाटे पाचपासून जी गर्दी उभी राहते तिच्यात पाण्यातल्या प्रतिबिंबापेक्षा उंचावलेले मोबाइलच जास्त दिसतात. एकदा पाहावे, मात्र सूर्य वर येताच ही मंडळी न्याहारीसाठी हॉटेलांकडे परतते, तेव्हा आपण उलट आत शिरावे. सात ते नऊ या दोन तासांत ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात.

कंपनीने दिवस वाढवून दिलाच नाही, तर त्या एका दिवसात सकाळी अंगकोर वाट आणि दुपारी बायोन एवढेच पाहावे आणि बाकीचे सोडून द्यावे. सात मंदिरांपुढे सात छायाचित्रे काढून परतलेले लोकच ‘सगळी देवळे सारखीच’ असे सांगत असतात.

प्रश्न : माझे वय ६८ असून गुडघे दुखतात. अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर चढता येईल का? (मनीषनगर)

उत्तर : वरच्या चौथऱ्याला ‘बाकान’ म्हणतात. त्याच्या मूळ दगडी पायऱ्या इतक्या उभ्या आणि अरुंद आहेत की पाऊल आडवे टाकावे लागते. आता त्यांच्यावर कठडा असलेला लाकडी जिना बसवला आहे, तरीही चढ तीव्रच आहे. चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यांना अधिक जड जाते. एका वेळी ठरावीक लोकांनाच वर सोडतात, त्यामुळे रांगेतही उभे राहावे लागते, आणि बारा वर्षांखालील मुलांना वर प्रवेश नाही. बौद्ध उपोसथाच्या दिवशी बाकान बंद असते. हे दिवस पौर्णिमा, अमावास्या आणि दोन्ही अष्टमींच्या आसपास येतात, म्हणून घरातल्या दिनदर्शिकेवर नजर टाकून तारखा ठरवाव्यात. आपण वर न गेल्याने फार मोठे काही हुकणार नाही. अंगकोर वाटचे खरे वैभव खालच्या ओवरीत आहे आणि तेथे मोजक्याच पायऱ्या आहेत.

प्रश्न : आमच्या कुटुंबातील तीन पिढ्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जात आल्या आहेत. अंगकोर वाट हे विष्णुमंदिर आहे असे काही ठिकाणी वाचले, तर काही ठिकाणी ते बौद्ध विहार असल्याचे वाचले. नेमके खरे काय? शिवाय आमचे एक परिचित म्हणतात की ते भारतातून गेलेल्या लोकांनी बांधले. (इंदोरा)

उत्तर : दोन्ही खरे आहे, फक्त काळ वेगळा आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने ते विष्णूसाठी बांधले. त्याच्या आधीचे बहुतेक ख्मेर राजे शैव होते, त्यामुळे विष्णूची निवड हीच मुळात वेगळी होती. ११७७ साली चंपाच्या, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधील चाम लोकांच्या राज्याच्या, सैन्याने राजधानी लुटली. त्यानंतर ११८१ मध्ये सत्तेवर आलेला सातवा जयवर्मा महायान बौद्ध होता. बायोनच्या शिखरांवरून चारी दिशांना पाहणारे दोनशेच्या आसपास प्रशांत चेहरे त्याच्या काळातले आहेत. ते बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे की खुद्द राजाचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ता प्रोह्म त्याने ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारले आणि ११९१ मधील प्रेह खान वडिलांच्या.

आपल्या कुटुंबाला या राजाविषयी जिव्हाळा वाटेल असे कारण त्याच्या शिलालेखांत आहे. ता प्रोह्मच्या लेखात राज्यभरच्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख येतो, तर प्रेह खानच्या लेखात रस्त्यांवरच्या १२१ विश्रामगृहांचा. या आरोग्यशाळांच्या लेखांत, प्रजेच्या शरीराचे दुखणे राजाला स्वतःच्या दुखण्याहून जास्त सलते, अशा आशयाचा संस्कृत श्लोक आहे. त्याच वेळी ता प्रोह्मचा लेख असेही नोंदवतो की या एका विहाराच्या सेवेसाठी ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावून दिलेली होती. राजाची करुणा आणि प्रजेवरचा भार हे दोन्ही आकडे एकाच दगडावर कोरलेले आहेत. ते वाचल्यावर मुळांनी कवटाळलेल्या भिंतींपुढे नुसते छायाचित्रासाठी उभे राहणे मला जमले नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आठव्या जयवर्म्याच्या काळी शैवांनी उचल खाल्ली आणि बुद्धमूर्ती छिन्नीने खरवडण्यात आल्या. अनेक कोनाड्यांत बसलेल्या बुद्धाची नुसती बाह्यरेषा उरली आहे आणि काही ठिकाणी बुद्धमूर्ती बदलून तिचे शिवलिंग किंवा तपस्वी केलेला दिसतो. प्रेह खानमध्ये हे ठळकपणे पाहता येते. त्यानंतर थेरवाद हा बौद्ध पंथ आला आणि तो आजतागायत टिकला. अंगकोर वाट हळूहळू विहार झाले. आजही तेथे भगव्या चीवरातील भिक्खू दिसतात आणि बुद्धमूर्तींपुढे उदबत्त्या जळत असतात. पश्चिम गोपुरातल्या अष्टभुज विष्णूच्या मूर्तीलाही लोक तितक्याच भक्तीने फुले वाहतात. १६३२ साली आलेल्या एका जपानी यात्रेकरूने येथील खांबावर शाईने लिहिलेला मजकूर आहे. त्यामुळे १८६० मध्ये एका फ्रेंच निसर्गअभ्यासकाने हे ‘हरवलेले’ मंदिर ‘शोधून काढले’ ही कथा मागे टाकावी. जेथे पूजा कधी पूर्णपणे थांबलीच नाही ते ठिकाण हरवेल कसे?

आपल्या परिचितांचे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही. देव, महाकाव्ये, संस्कृत आणि पल्लव लिपीपासून घडलेली लिपी समुद्रमार्गे तेथे पोहोचली, हे निर्विवाद आहे. पण बांधणारे हात ख्मेर होते, वास्तुरचना ख्मेर आहे, दगड कुलेन डोंगरातला आहे आणि आतील भराव आपल्या कोकणातल्यासारख्या जांभ्याचा आहे. तेथील गाईडपुढे ‘हे आमच्या लोकांनी बांधले’ असे म्हणू नये. तो नम्रपणे हसेल, पण त्याला वाईट वाटेल.

प्रश्न : मी महालात राहते आणि इतिहासात एम.ए. करते. आजोबांच्या कीर्तनामुळे महाभारत आणि रामायणातील प्रसंग लहानपणापासून कानावर आहेत. अंगकोर वाटच्या भिंतींवरचे प्रसंग कोणत्या क्रमाने पाहावेत? गाईडशिवाय कळतील का?

उत्तर : असा प्रश्न आला की सदर लिहिण्याचे सार्थक वाटते. पहिली गोष्ट, आपली पावले सवयीने देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेला निघतील. येथे ती सवय मोडावी लागते. शिल्पपटांचा क्रम उलटा, म्हणजे मंदिर डाव्या हाताला ठेवून चालण्याचा आहे. पश्चिमेचे तोंड आणि हा अपसव्य क्रम यांवरून काही अभ्यासक हे मंदिर राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींशी जोडतात. या राजाला मरणोत्तर ‘परमविष्णुलोक’ असे नाव होते.

पश्चिमेच्या दारातून शिरून उजवीकडे वळावे. पहिलाच पट कुरुक्षेत्राचा आहे. डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव, आणि मध्यभागी दोन्ही सैन्ये एकमेकांत अशी मिसळतात की कोण कोणाचा हे पोशाखावरूनही कळेनासे होते. खालच्या थरात पायदळ शिस्तीत चालले आहे, वरच्या थरात हत्ती आणि रथ आहेत. शरपंजरी पडलेले भीष्म शोधावेत. ते कौरवांच्या बाजूला वर आहेत आणि आपल्याला सापडायला एक मिनिटही लागणार नाही. अर्जुनाचा सारथी चार हातांचा दाखवला आहे, म्हणजे कृष्ण कोण हे शिल्पकाराने कोणालाही विचारावे लागू दिलेले नाही.

नैऋत्य कोपऱ्यातल्या दालनात रामायणातले आणि कृष्णकथेतले सुटे प्रसंग आहेत. उजेड कमी असल्याने लोक तेथून पुढे सरकतात, आपण थांबावे. दक्षिणेच्या ओवरीत प्रथम सूर्यवर्म्याची स्वतःची मिरवणूक लागते: राजा, छत्रे, सरदार आणि त्यांच्या शेजारी कोरलेली नावे. शिस्तीने चालणाऱ्या या सैन्यात एक तुकडी विस्कळीत, निराळ्या पोशाखाची आहे आणि लेखात तिला ‘श्याम’ म्हटले आहे. सयामी, म्हणजे थाई, लोकांच्या जुन्या चित्रणांपैकी हे एक मानले जाते. त्याच ओवरीच्या पुढच्या अर्ध्या भागात स्वर्ग आणि नरक आहेत, म्हणजे ३७ स्वर्ग आणि ३२ नरक. रेड्यावर बसलेला यम आणि न्याय करणारा चित्रगुप्त आपण ओळखालच. माझे निरीक्षण असे की स्वर्गांतली माणसे एकसारखी बसलेली आहेत आणि शिल्पकाराचा सारा उत्साह नरकांत उतरला आहे.

पूर्वेच्या ओवरीत वळताच समुद्रमंथन येते. सुमारे ४९ मीटर लांबीचा हा एकच पट आहे आणि येथे घाई केली तर सगळा प्रवास वाया गेला असे समजावे. डावीकडे असुर, उजवीकडे देव, मधे मंदर पर्वताशी विष्णू, खाली कूर्म, आणि वासुकी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरासारखा ताणलेला. ओळीतला प्रत्येक जण एकाच लयीत मागे रेललेला आहे. चालता चालता पाहिले तर ती लय आपल्या पायांत उतरते, असा माझा अनुभव आहे. देवांच्या बाजूने शेपटीजवळ एक वानर आहे, त्याला हनुमान मानतात. तळाशी मासे आणि मगरी आहेत, आणि पर्वताजवळच्या घुसळणीत सापडलेल्यांचे तुकडे झाले आहेत. आजोबांच्या कीर्तनात हा तपशील आला असेल की नाही याची मला उत्सुकता आहे.

त्यापुढचे, म्हणजे ईशान्येकडचे पट सोळाव्या शतकात पुरे झाले. त्यांत विष्णूचा असुरांवरील विजय आणि कृष्ण-बाणासुर युद्ध आहे, पण कोरणी ढोबळ आहे. तेथून भरभर जावे आणि वाचलेला वेळ पश्चिमेच्या ओवरीच्या उत्तर भागातील लंकेच्या युद्धाला द्यावा. त्या वानरसेनेत एकही वानर स्वस्थ उभा नाही.

गाईडशिवाय प्रसंग कळतील, तुमच्यासारखीला तर निश्चितच. तरीही पहिल्या दिवशी परवाना असलेला स्थानिक गाईड घ्यावा, कारण आपल्याला कथा ठाऊक असते, पण ती ख्मेर लोकांनी कशी सांगितली हे ठाऊक नसते. त्यांच्याकडे रामायण ‘रामकेर’ म्हणून नांदते आणि हनुमान हा तेथे ब्रह्मचारी नाही. दुसऱ्या दिवशी एकटीने बायोनच्या बाहेरच्या भिंती पाहाव्यात. तेथे चामांशी झालेली नौकायुद्धे आहेतच, शिवाय बाजार, कोंबड्यांची झुंज, रांधणाऱ्या बायका आणि बाळंतपण असे आठशे वर्षांपूर्वीचे रोजचे जगणे कोरलेले आहे. बरोबर लहान दुर्बीण आणि विजेरी असावी. भिंतीला हात मात्र लावू नये. स्पर्शाने काळे, गुळगुळीत झालेले भाग पाहिले की कारण कळेल.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुटीत गेलो तर चालेल का? नागपूरकरांना उन्हाची सवय असतेच. (प्रतापनगर)

उत्तर : हा युक्तिवाद मला वारंवार ऐकू येतो. आपले ऊन कोरडे आहे. एप्रिलमध्ये सिएम रीपचा पारा आपल्या पाऱ्याइतका चढत नाही, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही आणि चढण-उतरण करताना दम लागतो. त्यात एप्रिलच्या मध्यावर ख्मेर नववर्षाची गर्दी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुपारी सर येते, पण खंदक भरलेले असतात, रान हिरवे असते आणि गर्दी निम्म्यावर येते, त्यामुळे छत्री सांभाळण्याची तयारी असेल तर मी त्याही दिवसांची शिफारस करतो. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे कोणत्याही ऋतूत अनिवार्य आहेत. नुसती ओढणी खांद्यावर घेऊन भागत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, अंगकोरचा पश्चिम बाराय हा मानवनिर्मित तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून थोडा अधिक रुंद आहे, अकराव्या शतकातला आहे, आणि त्यात अजूनही पाणी असते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत लांबलेले दुष्काळ आणि मधूनच आलेली अतिवृष्टी यांनी या तलाव-कालव्यांची व्यवस्था मोडून पडली, हे राजधानी ओस पडण्याचे एक मोठे कारण मानले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी भरून वाहिला तेव्हा नाग नदीकाठी काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. जेवणाचे काय?

उत्तर : सिएम रीपमध्ये भारतीय खाणावळी आहेत, त्यामुळे रात्रीची चिंता नाही. दुपारी मंदिरांजवळच्या टपऱ्यांवर मात्र सावध असावे, कारण भाजीतही माशाचा रस्सा किंवा ‘प्राहोक’ हे माशाचे आंबवलेले वाटण सहज पडते आणि सांगणाऱ्याला त्यात मांसाहार वाटत नाही. दशम्या, चिवडा आणि नारळपाणी यांवर दुपार निभावते. डॉलर चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कोणी घेत नाही.

प्रश्न : आर्थिक कारणाने परदेशप्रवास शक्य नाही. नागपूरजवळ असे काही पाहता येईल का? (नंदनवन)

उत्तर : एवढ्या विस्ताराचे काही जवळ नाही, हे आधी मान्य करतो. परंतु रामटेकला आपण गडावरच्या राममंदिरापर्यंत जाऊन परतत असाल, तर पुढच्या वेळी त्याच टेकडीवरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरे पाहावीत. ती पाचव्या शतकातली, म्हणजे अंगकोर वाटहून सुमारे सातशे वर्षे जुनी आहेत. त्रिविक्रमाची भग्न मूर्तीही तेथेच आहे. एक पाऊल उंच उचललेला तो विष्णू पाहिल्यावर अंगकोरच्या शिल्पकाराला ही कथा किती लांबून आणि किती हातांमधून मिळाली असेल, याचा अंदाज येतो.

दुसरे ठिकाण मार्कंडा. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी, नदी उत्तरवाहिनी होते तेथे, एका तटाच्या आत हा मंदिरसमूह आहे. मार्कंडेश्वराच्या बाह्यभिंतींवर देव, अप्सरा आणि मिथुने यांचे थर इतके दाट आहेत की लोक त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. याच खात्याने अंगकोर वाटला १९८६ ते १९९३ या काळात आणि पुढे ता प्रोह्मलाही जतनाचे काम केले आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे. काम चालू असताना काही भाग पाडांनी झाकलेला असू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. शिल्पे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत. नागपूरहून पहाटे पाचला निघालात तर कोवळे ऊन भिंतींवर असतानाच पोहोचाल, आणि जेवणाचा डबा बरोबर असू द्यावा.